उभयतांना अपत्य नाही

आमच्या कोर्टात 'बिनचूक' अशी हाक मारली की एकच माणूस मान वर करायचा. त्याचं खरं नाव टायपिस्टाच्या परवान्यावर होतं, पण तो परवाना टेबलाच्या खणात तळाशी पडलेला असे आणि सव्वीस वर्षांत तो काढून बघायची वेळ कुणावर आली नव्हती. कौटुंबिक न्यायालयाच्या मागच्या व्हरांड्यात, जिन्याखाली, जिथे उंच माणसाला वाकून जावं लागतं, तिथे त्याचं टेबल होतं. टेबलावर टाइपरायटर, डावीकडे कोऱ्या कागदांची चळत, उजवीकडे ओल्या स्पंजची डबी आणि मागे भिंतीत ठोकलेला एक वीतभर लांब खिळा. त्या खिळ्यात चिठ्ठ्या टोचलेल्या असत.

चिठ्ठ्यांचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. आम्ही वकील मंडळी घटस्फोटाचा अर्ज पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून देतो असं लोकांना वाटतं. कसलं काय! आम्ही देतो एक चिठ्ठी. तिच्यावर नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, लग्नाची तारीख, वेगळं राहायला लागल्याची तारीख, काय काय ठरलं ते चार ओळींत, आणि सगळ्यात खाली दोन शब्द: बाकी नेहमीप्रमाणे. त्या दोन शब्दांत अडीच पानं असतात. ती बिनचूकच्या बोटांना पाठ होती. संमतीचा घटस्फोट, एकतर्फी घटस्फोट, मुलाचा ताबा, भेटीची वेळ वाढवून मागणं, पोटगी वाढवून मागणं, पोटगी कमी करून मागणं, नादारी, असे एकोणीस मसुदे त्याला पाठ होते. दुसऱ्या टायपिस्टांनी केव्हाच कॉम्प्युटर घेतले. हा म्हणायचा, "त्यात चूक झाली तर कुणाला कळतच नाही. इथे खोडलं की दिसतं." आणि त्याच्या कागदावर खोडलेलं कधी दिसलं नाही, म्हणून तर तो बिनचूक.

अंगाने बारका, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, आणि नाकावर माशी बसू न देणारा. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "रोज दहा मोडताना बघतो. अकरावं हौसेनं कशाला मांडू?" पण टेबलाशी आलेल्या माणसाला तो जेवढं समजावून सांगायचा तेवढं आमच्यातला एकही वकील फी घेऊनसुद्धा सांगत नसे. मी शेजारच्या बाकावर माझी पाळी येईपर्यंत बसून ते फुकटात ऐकत असे.

संमतीने घटस्फोट घ्यायला आलेलं जोडपं त्याच दिवशी मोकळं होऊन घरी जायच्या तयारीत असायचं. त्यांना तो सांगे, "आज फक्त अर्ज. मग काही महिने थांबायचं. तेवढ्यात तुमचा राग उतरेल अशी कायद्याला आशा आहे. तुम्हाला नसली तरी चालेल. परत या, दोघांनी सांगा की अजून तेच म्हणणं आहे, मग निकाल." ताब्यावरून भांडणाऱ्या एका बापाला तो म्हणाला होता, "ताबा म्हणजे मूल कुणाचं, हा प्रश्न नाही. मूल दोघांचं होतं, दोघांचंच राहणार. ताबा म्हणजे सकाळी त्याचा डबा कोण भरणार आणि ताप आला तर रजा कोण घेणार. सांगा, कोण घेणार?" आणि नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असं जाहीर करण्याचा, अर्ज टाइप करून घ्यायला आलेल्या लोकांना तो आधी पाणी द्यायचा. "घाबरू नका. नादार म्हणजे गुन्हेगार नव्हे. तुमच्या धंद्याची हत्यारं राहतात, अंथरूण-पांघरूण राहतं, स्वयंपाकाची भांडी राहतात. बाकीचं वाटलं जातं आणि उरलेली देणी बहुतेक पुसली जातात. पोराची पोटगी मात्र पुसली जात नाही. ती पुसायची सोय कुठल्याच कायद्यात ठेवलेली नाही, आणि ठेवूही नये."

त्याचा एकच हट्ट होता. कागदावर कोरी जागा सोडायची नाही. परिच्छेद अर्ध्या ओळीत संपला तर उरलेल्या ओळीवर तो टकटक करत रेघा ओढायचा. फार पूर्वी कुणीतरी त्याच्या एका अर्जातल्या मोकळ्या जागेत मागाहून दोन शब्द घुसवले होते आणि एका बाईचं राहतं घर त्यापायी गेलं होतं. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. मसुद्यात रकाना आहे ना, मग तो भरायचाच. काही नसेल तर 'नाही' असं भरायचं.

आता ज्या जोडप्यापायी हे सगळं सांगतेय त्याच्याकडे येते. तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा, स्वतःचं छोटं दुकान होतं. ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. दोघांत मारामारी नव्हती, तिसरं माणूस नव्हतं, नुसता कंटाळा होता आणि तो दोघांनाही सारखाच आला होता. त्यांना अडीच वर्षांची मुलगी होती. माझ्या ऑफिसात दोघं शेजारी शेजारी बसली आणि ती म्हणाली, "मुलीचं आमचं आमच्यात ठरलंय. ती माझ्याकडे राहणार. हा दर दुसऱ्या रविवारी नेणार, आणि महिन्याचा खर्च देणार. त्यात कोर्टाला कशाला आणायचं?"

तिथे मी सांगायला हवं होतं की बाई, नवरा-बायकोचं आपसांत काहीही ठरू शकतं, पण मुलाचं तुम्ही ठरवलंत तरी ते कोर्टापुढे ठेवावं लागतं, कारण मुलाच्या वतीने बघणारं तिथे दुसरं कुणी नसतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असतं. पण मला अकरा वाजता दुसऱ्या एका प्रकरणात कोर्टात उभं राहायचं होतं. मी चिठ्ठी लिहिली, खाली 'ताबा व पोटगी: उल्लेख नको. बाकी नेहमीप्रमाणे' असं खरडलं आणि त्यांना जिन्याखाली पाठवून दिलं.

पुढे अर्ज झाला, कुणीही न वाचता सह्या झाल्या, सहा महिने गेले, दोघं पुन्हा उभी राहिली. न्यायाधीशांनी विचारलं, अर्जातला मजकूर खरा आहे का? दोघं म्हणाली, हो. निकाल लागला. सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले. मीही फाइल बांधून कपाटावर टाकली.

त्यानंतर सात वर्षांनी ती माझ्याकडे आली. केस थोडे पांढरे झाले होते, हातात तीच जुनी फाइल. सांगत होती की तो चांगला वागला, इतकी वर्षं रविवार चुकवला नाही, खर्चही देत राहिला. मग दुकान बुडालं. वर्षभर खर्च आला नाही. आता त्याने नादारी जाहीर करून घेतली होती आणि ज्यांचं ज्यांचं येणं आहे त्यांनी यादीत नाव लावावं अशी नोटीस निघाली होती. कुणीतरी तिला सांगितलं की मुलीच्या पोटगीला वेगळं स्थान असतं, म्हणून ती नोटीस काढणाऱ्या ऑफिसात गेली. तिथल्या कारकुनाने निकालाचा कागद, त्याला जोडलेल्या अर्जासकट, वाचला आणि तिच्याकडे परत सरकवला.

"तो म्हणाला, बाई, यात तर मूलच नाहीये." तिचा आवाज शांत होता. "मी म्हटलं, असं कसं? घरी आहे ना, गणित करत बसलीय."

मी कागद घेतला. अर्जाच्या दुसऱ्या पानावर, चौथ्या परिच्छेदात, एकही खाडाखोड नसलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: उभयतांना अपत्य नाही. पुढे ओळीच्या शेवटापर्यंत रेघा.

यादी बारा दिवसांनी बंद होणार होती. त्याआधी निकाल दुरुस्त झाला नाही तर मुलीचं नाव यादीबाहेर राहणार, आणि मग मागणी उभी करायला किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नव्हते. त्याहून वाईट म्हणजे दोघांनी शपथेवर खोटं सांगितलं असा त्या कागदाचा सरळ अर्थ निघत होता.

मी तशीच जिना उतरून खाली गेले. चार माणसं रांगेत होती, त्यांच्यादेखत मी कागद टेबलावर आपटला. "हे काय करून ठेवलंत? बिनचूक म्हणे!"

त्याने चष्मा लावला. ती ओळ वाचली. चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. मग तो खुर्चीवरून खाली उतरला आणि टेबलाखालची पत्र्याची पेटी ओढून बाहेर काढली. खिळा भरला की तो चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून वर्षावार त्या पेटीत ठेवायचा, हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांत त्याचा उपयोग कधी होईल असं वाटलं नव्हतं. गठ्ठा सुटला, माझी चिठ्ठी निघाली. माझंच अक्षर. ताबा व पोटगी: उल्लेख नको.

त्या चिठ्ठीला मागून आणखी एक कागद टोचलेला होता. त्यावर ओळीने अक्षरं उमटलेली होती, क क क क, मग मध्येच एक पूर्णविराम, मग पुन्हा क क क. त्याने तो हातात धरला.

"पोरगी आईच्या मांडीवर होती," तो म्हणाला. "सारखा मशीनला हात लावत होती. म्हणून रद्दीतला कागद घालून दिला, म्हटलं मार काय मारायचं ते. दहा मिनिटं मारत होती. मग तिला खाली ठेवलं, कागद बदलला आणि हा अर्ज टाइप केला."

"चिठ्ठीत मुलीचं काहीच नव्हतं," मी म्हटलं. मी त्याला वाचवत होते की स्वतःला, हे मलाही नीट कळत नव्हतं.

"चिठ्ठीत 'उल्लेख नको' होतं. 'नाही' नव्हतं. 'नाही' मी घातलं. रकाना मोकळा दिसला आणि बोटं चालली." त्याने खिळ्याच्या भोकासकट ती चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "ही तुम्ही ठेवा वकीलबाई. मी प्रतिज्ञापत्र देतो की चूक माझी. तुमचं नाव यात कशाला?"

मी चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकली. मला हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी जाईपर्यंत ते हायसं वाटणं टिकलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

दहाव्या दिवशी दुरुस्तीच्या अर्जावर सुनावणी लागली. न्यायाधीशबाई नव्या होत्या, डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या. फ्रिजवाला आला होता, त्याच्याबरोबर त्याचा वकील. नादारीच्या प्रकरणात अशिलाने जितकं कमी बोलावं तितकं बरं, हे त्या वकिलाने त्याला पढवून ठेवलेलं दिसत होतं. मुलीला बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं, हातात शाळेचं पुस्तक.

"तुम्ही दोघांनी या कोर्टात शपथेवर सांगितलंत की अर्जातला मजकूर खरा आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "वाचला होता?"

"नाही," ती म्हणाली. "सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं होतं."

"पोटची मुलगी कोर्टापासून लपवून ठेवली असेल, तर ती कुणाकडे राहावी हेसुद्धा मला नव्याने बघावं लागेल. हे लक्षात येतंय का तुमच्या?"

तिने पुढचा कठडा धरला. फ्रिजवाला उठला. वकिलाने त्याची बाही ओढली, तरी उठला. "मुलगी माझी आहे," तो म्हणाला. "मी नादार झालोय, पण असं म्हणणार नाही. ती हिच्याकडे नीट आहे, तिला हलवू नका." आणि खाली बसून त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

मुलगी आहे, हे त्याच्या बोलण्याने सिद्ध झालं. ती लपवली का, हा प्रश्न तसाच उरला. मग बिनचूकला पिंजऱ्यात बोलावलं. त्याने सांगितलं की ती ओळ त्याने टाइप केली, मसुद्यातली ओळ, सवयीने, आणि पक्षकारांचा त्यात काही दोष नाही.

"सवयीने?" न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "वकिलाने काहीतरी लिहून दिलं असेल ना. चिठ्ठी होती का?"

तो काही बोलला नाही. हो म्हटलं तर चिठ्ठी मागितली जाणार, नाही म्हटलं तर ते शपथेवर खोटं. आयुष्यभर एकही रकाना मोकळा न सोडणारा तो माणूस पिंजऱ्यात उभा होता आणि त्याच्यापुढची जागा कोरीच राहत होती. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी कदाचित बसून राहिले असते.

मी उभी राहिले. "चिठ्ठी होती. माझी. माझ्याकडे आहे." पर्स उघडून ती दिली.

पुढचं लवकर आटपलं. आई-बापांनी काही लपवलं नव्हतं, वकिलाने सांगायचं टाळलं आणि टायपिस्टने नको तिथे भर घातली, असा निष्कर्ष निघाला. मला लेखी ताकीद मिळाली, वर वकिलांच्या समितीकडे तक्रार गेली. बिनचूकचा परवाना दुसऱ्या दिवसापासून तीन महिने बंद. आणि ताबा आईकडे, दर दुसऱ्या रविवारी भेट, मुलीचा खर्च बापाकडून, असं सगळं घालून दुरुस्त अर्ज आजच्या आज आणा, सही मी आजच करते, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या. यादी बंद व्हायला दोन दिवस होते. मुलीचं नाव यादीत लागलं.

तीन महिन्यांनी बिनचूक परत जिन्याखाली येऊन बसला. नाव तेच राहिलं, फक्त आता हाक मारताना काहीजण हसायचे आणि तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. त्याचं अर्धं काम समोरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलं, कारण त्याने नवीनच खूळ काढलं होतं. चिठ्ठी घेतली तरी आधी माणसाला विचारायचा, "मुलं किती?" आणि अख्खा अर्ज त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सहीला पेन द्यायचा नाही. वकिलांना एवढा वेळ कुठला! मला आहे. माझ्या चिठ्ठीवर 'बाकी नेहमीप्रमाणे' नसतं. अडीच पानं मी लिहून देते, हात दुखला तरी.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. दुरुस्त अर्ज कोण टाइप करणार, असं मी विचारायच्या आत तो जिना उतरून खाली गेला होता. त्याच्या परवान्याचे चार तास उरले होते. ती दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहिली, मी मागे. मुलगी बाकावरून उठून आली आणि आईला टेकून बोटं कशी चालतात ते बघू लागली. मशीन तिला आठवत असण्याचं कारण नव्हतं. चौथ्या परिच्छेदाशी तो थांबला, हात मांडीवर पुसले, आणि मग एकेक अक्षर दाबत टाइप केलं, जसं शिकाऊ माणूस करतो.

कागद काढून त्याने सहीसाठी पुढे केला नाही. मुलीच्या हातात दिला. "वाच बघू. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू येऊ दे."

ती शाळेत वाचतात तशी खणखणीत वाचायला लागली. "उभयतांना अपत्य एक. मुलगी. वय वर्षे दहा." तिथे ती अडली. "अपत्य म्हणजे काय?"

"तू," तिचा बाप म्हणाला.

ती हसली. मग शंका आली म्हणून तिने कागद उलटून बघितला, पुन्हा सुलटा केला. "मग आधी काय लिहिलं होतं?"

आम्ही चार मोठी माणसं तिथे होतो. आईने बापाकडे बघितलं, बापाने माझ्याकडे, मी जिन्याच्या पायऱ्यांकडे. बिनचूकने टाइपरायटरवर झाकण ठेवलं आणि तिच्या उंचीला यायला जरा वाकला.

"आधी मी चुकलो होतो," तो म्हणाला.